‘सुसाट’ आणि ‘बेचैन’ : एका शब्दापायी हुकलेलं निदान

पहिली भेट फेब्रुवारीतली. ३१ वर्षांची बाई. सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यापाशी उभं राहून डागी फळं वेगळी काढायचं काम. नवरा छाटणीच्या टोळीत, दोन मुलं शाळेत. तक्रार थकव्याची आणि डोकेदुखीची. अंगावरचं जाड जॅकेट तिने काढलं नाही, खुर्चीत बसली तीही भिंतीला डोकं टेकवून. सहा आठवडे झाले, रोज अकरा तास झोपते तरी झोप पुरत नाही. पाय शिसं भरल्यासारखे जड. सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठत नाही, रात्री उठून मात्र गोड पाव खाते. मुलांवर खेकसते, मग बाथरूमचं दार लावून रडते.

(ओळख पटू नये म्हणून वय, घरची माणसं आणि कामाचे तपशील बदलले आहेत. औषधं आणि माझी चूक आहे तशी ठेवली आहे.)

मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात, कॅस्केड डोंगरांच्या कोरड्या बाजूच्या एका गावात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. नर्सिंग शिकले सांगली जिल्ह्यात. तिथल्या मैत्रिणींना माझं काम अजून नीट सांगता येत नाही. नर्स आणि स्वतःच्या सहीने औषध लिहिते, हे त्यांना खरं वाटत नाही. या पदाची सुरुवात १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी पहिला अभ्यासक्रम उभा केला, तोही खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नाहीत म्हणून. अधिकार किती, हे आजही राज्यागणिक बदलतं. वॉशिंग्टनमध्ये तपासणी, निदान, प्रिस्क्रिप्शन सगळं आमच्या सहीवर चालतं, डॉक्टरची दुसरी सही लागत नाही. मनोविकारांसाठी वेगळं प्रशिक्षण घेतलेले नर्स प्रॅक्टिशनर असतात. मी त्यातली नाही. पण आमच्या भागात मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला तेव्हा चार महिने लागत होते. त्यामुळे नैराश्य, चिंताविकार, पॅनिक, बाळंतपणानंतरचं नैराश्य हे सगळं आधी माझ्याच टेबलावर येतं. आणि येतं ते वेष पालटून. कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाचं पोट दुखतं, या बाईचं डोकं दुखत होतं.

तर पहिल्या भेटीत मी काय केलं ते सांगते. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायचा प्रश्नांचा तक्ता, भरून घेतला. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. तिचे १८ आले. १५ ते १९ म्हणजे मध्यमपेक्षा पुढचं, तीव्रतेकडे झुकणारं नैराश्य. चिंतेसाठीचा जीएडी-७ भरला, २१ पैकी १३. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा असतो, त्यावर तिने ‘काही दिवस’ अशी खूण केली होती. ती खूण नुसती बेरजेत मिळवून पुढे जायचं नसतं. मी थेट विचारलं. सकाळी उठलेच नाही तर बरं, असं वाटतं म्हणाली. काही करायचं ठरवलेलं नव्हतं, पूर्वी कधी प्रयत्नही नव्हता. घरात बंदूक आहे का, हा प्रश्न इथे विचारावाच लागतो. होती, नवऱ्याची, हरणाच्या शिकारीची. नवऱ्याशी बोलले आणि ती त्याच संध्याकाळी त्याच्या भावाच्या घरी कुलपात गेली. जुलै २०२२ पासून देशभर सुरू झालेला ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत मदतीचा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला. रक्तात हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइडसाठीचं टीएसएच ठीक, गर्भचाचणी निगेटिव्ह. दारू नावापुरती. एनर्जी ड्रिंकचे मात्र दिवसाला दोन डबे.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे झालं होतं. पुढचा प्रश्न बायपोलरचा, म्हणजे मूड कधी नैराश्याच्या खड्ड्यात तर कधी बेसुमार वर (मॅनिया) नेणाऱ्या आजाराचा. नैराश्यावरची गोळी असा मूड वर चढवू शकते, म्हणून ती लिहिण्याआधी तो विचारायचाच, हे मला पाठ होतं आणि मी विचारलाही. पण कसा, ते पाहण्यासारखं आहे. ती स्पॅनिश बोलणारी, माझं स्पॅनिश कामचलाऊ. दुभाषी फोनवर होता, रेषेत खरखर होती, घड्याळात सात मिनिटं उरली होती. मी एका दमात म्हटलं, ‘कधी असा काळ होता का, की झोप कमी लागायची, उत्साह फार असायचा, विचार वेगाने यायचे, पैसे जास्त खर्च व्हायचे, लोक म्हणायचे की तू नेहमीसारखी नाहीस?’ एका प्रश्नात पाच प्रश्न. ती अर्धा मिनिट बोलली. तिच्या बोलण्यातला एक शब्द माझ्या कानात अडकला, ‘आसेलेरादा’. दुभाष्याने त्या अर्ध्या मिनिटाचं इंग्रजीत एक वाक्य केलं : कधी कधी तिला फार बेचैन वाटायचं.

जीएडी-७ चे १३ समोर होतेच. मी नोंद केली, चिंतेचा पूर्वेतिहास आहे, मॅनियाचा नाही. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध लिहिलं, आठवडाभर २५ मिलिग्रॅम, मग ५०. तीन आठवड्यांनी परत.

‘आसेलेरादा’ म्हणजे बेचैन नव्हे. गाडीचा ॲक्सिलरेटर ज्या मूळ शब्दातून आला त्यातूनच तो आला आहे. मराठीत सांगायचं तर ती म्हणाली होती, मी तेव्हा सुसाट सुटले होते. बेचैन माणूस जागच्या जागी तडफडतो, सुसाट माणूस कुठे तरी निघालेला असतो. दुभाष्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो दिवसाला वीस क्लिनिकांचे फोन घेत असणार. शब्द मी ऐकला होता आणि सोडून दिला होता.

आता मागे वळून पाहिलं की त्याच भेटीच्या नोंदीत आणखी खुणा पडलेल्या दिसतात. पहिलं नैराश्य १९ व्या वर्षी. ही चौथी खेप. दुसऱ्या बाळंतपणानंतरची खेप सर्वांत वाईट. झोप उडण्याऐवजी झोप जास्त, भूक जास्त, हातपाय जड. आणि सर्वांत बोलकी खूण : दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये मागे फ्लुऑक्सेटिन दिलं होतं, ‘दोन दिवसांत एकदम बरी झाले म्हणून सोडून दिलं’. नैराश्याची गोळी दोन दिवसांत काम करत नाही. तिला दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत कुणी ‘एकदम बरं’ होत असेल, तर ते बरं होणं कसलं, हे तपासायला हवं. यातल्या एकेका खुणेने काही सिद्ध होत नाही, साध्या नैराश्यातही हे सगळं दिसतं. पण पाचही एकाच माणसात आल्यावर घाईने लिहिणारा हात थांबायला हवा होता.

तीन आठवड्यांनी ती आली ती सकाळी आठ वाजता, ओठांना लाल लिपस्टिक, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेले तामाले. मक्याच्या पिठात सारण भरून कणसाच्या सालीत वाफवलेला हा प्रकार करायला आपल्या पुरणपोळीसारखाच वेळखाऊ. तिने साठ आणले होते, सगळ्या स्टाफसाठी, अजून गरम. पीएचक्यू-९ : २. जीएडी-७ : ३.

अठरावरून दोनवर, तीन आठवड्यांत. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ती भराभर बोलत होती, फोनवरचा दुभाषी दोनदा म्हणाला की बाईंना जरा थांबायला सांगा. मी त्याचाही अर्थ बरी झाली असाच लावला. फेब्रुवारीत जी बाई तोंड उघडत नव्हती तिला आता कंठ फुटला होता. ‘उत्तम प्रतिसाद’ असं लिहून मी ९० दिवसांच्या गोळ्यांची ऑर्डर भरत होते.

तेवढ्यात दार वाजलं. आमची मेडिकल असिस्टंट, जिने तिचं वजन-बीपी घेतलं होतं, तिने मला बाहेर बोलावलं. तिचं माहेर याच खोऱ्यातलं, स्पॅनिश घरची भाषा. ती हळू आवाजात म्हणाली, हे तामाले ती रात्री दोनपासून करते आहे. मागच्या मंगळवारपासून रोज तीनच तास झोपते आणि थकवा अजिबात नाही म्हणते. शिलाई मशीनं घेतली आहेत, दोन. दुकान काढणार आहे. आणि नाडी १०४ लागली.

मंगळवारपासून म्हणजे नऊ दिवस.

या ठिकाणी जरा थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्राथमिक दवाखान्यात नैराश्याचे उपचार नीट व्हावेत म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या युर्गेन उन्युट्सर आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. रुग्णामागे एक काळजीवाहक नेमायचा, स्कोअर नियमित मोजायचा, मानसोपचारतज्ज्ञाने मागे राहून सल्ला द्यायचा. २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले : १८ क्लिनिकं, साठीच्या पुढचे १८०१ रुग्ण. वर्षाअखेर लक्षणं निम्म्याने उतरलेल्यांचं प्रमाण या पद्धतीत सुमारे ४५ टक्के, नेहमीच्या उपचारांत सुमारे १९. माझा या पद्धतीवर विश्वास आहे, आमचं क्लिनिकही तिच्याच धर्तीवर चालतं. पण मोजायची सवय लागली की आकडा खाली आला म्हणजे माणूस बरा झाला, असं डोळ्यांना वाटू लागतं. पीएचक्यू नैराश्य किती खोल ते सांगतो, कसल्या जातीचं ते सांगत नाही. आणि मॅनियात गेलेल्या माणसाचा पीएचक्यू फार छान येतो. त्या आठवड्याच्या आमच्या तक्त्यात ही बाई सर्वांत यशस्वी रुग्ण म्हणून चढली असती.

मी परत खोलीत गेले, फोन ठेवून दिला. आमची असिस्टंट दुभाष्याची परीक्षा उत्तीर्ण आहे, तिला शेजारी बसवलं. या वेळी प्रश्न लहान केले. काल रात्री किती वाजता झोपलीस? किती वाजता उठलीस? दुपारी पेंग आली? मशीन कितीला पडली, पैसे कुठून आणले? कामावर कुणाशी वाजलं? मुकादमाशी भांडण झालं होतं, तीन दिवस घरी बसवलं होतं. आवाज ऐकू येणं, कुणी पाठलाग करतंय असं वाटणं, यातलं काही नव्हतं. मरणाचा विचार विचारल्यावर हसली. लघवीतली ड्रग चाचणी निगेटिव्ह, गर्भचाचणी पुन्हा निगेटिव्ह. मुलं वेळेवर शाळेत जात होती, डबे भरलेले होते, जरा जास्तच भरलेले.

तिच्या परवानगीने मोठ्या बहिणीला फोन लावला. नातेवाइकाला दुभाषी म्हणून वापरू नये हा नियम योग्यच आहे, पण साक्षीदार म्हणून बहिणीसारखं दुसरं कुणी नाही. बहीण म्हणाली, पुन्हा सुरू झालं का? बाविसाव्या वर्षी ती अशीच चौदा रात्री जागली होती. काम सोडलं, घरात जमवलेले पैसे घेतले आणि नुकत्याच ओळख झालेल्या लोकांबरोबर कॅलिफोर्नियाला निघून गेली. भाऊ जाऊन घेऊन आला. तेव्हा ती कोणतीही गोळी घेत नव्हती. नंतर चार महिने अंथरुणात. आणि आईचा भाऊ? मामाला गावात खोलीत कुलूप लावून ठेवायचे, बहिणीने सांगितलं. घरात त्याच्याबद्दल बोलत नाहीत. पहिल्या भेटीत मी कुटुंबातल्या मानसिक आजाराबद्दल विचारलं होतं. उत्तर ‘नाही’ आलं होतं. कुलूप लावलेल्या मामाला कुणी ‘मानसिक आजार’ म्हणतच नसेल, तर ‘हो’ येणार कुठून? आता मी विचारते : घराण्यात कुणी घर सोडून निघून गेलेलं, कुणाला बांधून ठेवलेलं, कुणी बुडून गेलेलं आहे का? सांगलीकडे हाच प्रश्न विचारला असता तर ‘बाहेरचं झालं होतं’ असं उत्तर आलं असतं. त्याच्याही पुढे विचारावं लागलं असतं.

त्याच दुपारी मी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसोपचार सल्ला-लाइनला फोन केला. राज्यातल्या कुणाही औषध लिहिणाऱ्यासाठी ही सेवा फुकट आहे. ती असताना फेब्रुवारीत वापरली नाही, हे पुन्हा माझंच. पलीकडच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी फाटे न फोडता विचारलं : गोळीने चढवलेला मूड आहे की आपला आपण? डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाप्रमाणे, नैराश्याच्या औषधावर असताना आलेली लक्षणं औषधाचा असर ओसरल्यावरही पूर्ण जोरात टिकली, तर त्यांना खरा एपिसोड धरतात. पण इथे तो वाद घालायची गरजच नव्हती, कारण बाविसाव्या वर्षीचा प्रसंग गोळीविना आला होता. नोकरी गेली, घर सुटलं, म्हणजे तो हायपोमॅनिया, म्हणजे सौम्य चढ, नव्हता, मॅनियाच होता. निदान झालं बायपोलर-१. माझ्या मनात बायपोलर-२ होतं, ज्यात चढ हायपोमॅनियापुरताच असतो. फरक नावापुरता नाही, पुढे औषध निवडताना तो आडवा येतो.

सर्ट्रालिन त्याच दिवशी बंद. रुग्णालयात ठेवायचं का, यावर आम्ही जरा वेळ थांबलो. जिवाला धोका नाही, भ्रम नाहीत, बहीण आठवडाभर घरी येऊन राहायला तयार, बंदूक आधीच बाहेर. तेव्हा घरीच. गाडीची किल्ली आणि बँकेचं कार्ड बहिणीकडे. एनर्जी ड्रिंक बंद. क्वेटियापिन रात्री ५० मिलिग्रॅम, दुसऱ्या रात्री १००, मग २००, चौथ्या रात्री ३००. दर दिवशी असिस्टंटचा फोन, प्रश्न एकच : काल किती तास? तीन, चार, पाच, चौथ्या रात्री सात. हे औषध निवडलं कारण ते मॅनियावरही चालतं आणि बायपोलरच्या नैराश्यावरही, आणि या बाईचं आयुष्य बघता पुढचा खड्डा लांब नव्हता. व्हॅल्प्रोएट या मॅनियावरच्या दुसऱ्या औषधाचं नाव मी काढलंच नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देणं म्हणजे गर्भाच्या मणक्यातल्या दोषांची जोखीम पदरात घेणं.

निदान सांगायचं काम मात्र औषधापेक्षा अवघड गेलं. ‘बायपोलर’ हा शब्द तिच्या वस्तीत शिवीसारखा वापरतात, आपल्याकडे ‘डोक्यावर पडलाय’ म्हणतात तसा. मूड उतरल्यावर, तीन आठवड्यांनी, मी तपासणीच्या टेबलावरचा कागद ओढून एक आडवी रेघ मारली, एका टोकाला १९, दुसऱ्याला ३१. पेन तिच्या हातात दिलं. खड्डे तिने पटापट काढले, चार. मग बराच वेळ पेन फिरवत राहिली आणि २२ वर एक उंच टोक काढलं, आत्ताच्या जागी दुसरं. त्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, इथे मी सर्वांत चांगली होते. मी हो-नाही काही म्हटलं नाही. तो कागद तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पुढचा काळ सरळ गेला नाही. मे महिन्यात पीएचक्यू ११ वर आला, वजन ५ किलो वाढलं होतं, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ५.५ वरून ५.८ झालं होतं. पहाटेच्या पाळीला डोळे उघडत नाहीत म्हणून दोन खाडे पडले. क्वेटियापिनची ही किंमत सुरुवातीपासून मोजत राहावी लागते : वजन, कंबर, बीपी, साखर, चरबी, आधी एकदा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा.

लिथियमचा विचार केला. बायपोलर-१ साठी आजही त्याच्याइतकं भरवशाचं औषध कमीच, १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते वापरलं तेव्हापासून. पण लिथियम रक्तात किती, यावर सगळं अवलंबून असतं. शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त घ्यायचं, साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवायचं, आणि अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. ही बाई पाठदुखीसाठी रोज आयबुप्रोफेन घेत होती, त्यानेही पातळी चढते. शिवाय उन्हाळ्यात जादा पैशांसाठी बागेत तोडणीला जाते. २०२१ च्या जूनअखेरीस आमच्याकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. चेरीच्या झाडावर शिडी लावून घामाने निथळणारं, दुपारी आयबुप्रोफेनच्या दोन गोळ्या टाकणारं माणूस आणि लिथियम ही जोडी मला झेपली नसती. सल्ला देणाऱ्या बाईंचं मत थोडं वेगळं होतं. आयबुप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल द्या, तोडणीच्या दिवसांत रक्त जास्त वेळा तपासा, म्हणाल्या. त्यांचंही बरोबर असेल. पण त्या सिॲटलमध्ये बसतात आणि प्रयोगशाळा या बाईच्या बागेपासून पाऊण तासावर आहे. रुग्णाला दोन्ही बाजू सांगितल्या. तिने लिथियम नको म्हटलं.

मग क्वेटियापिन २०० वर आणून लॅमोट्रिजिन, बायपोलरमधल्या नैराश्याची पुढची खेप रोखणारं औषध, जोडलं. एकटं लॅमोट्रिजिन बायपोलर-१ मध्ये मॅनिया रोखायला कमी पडतं, म्हणून क्वेटियापिन पूर्ण काढलं नाही. बायपोलर-१ की २, हा फरक आडवा येतो तो इथे. लॅमोट्रिजिन मुंगीच्या पावलाने वाढवतात : दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, आठवडाभर १००, मग २००. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. असं पुरळ हजारात साधारण एकाला येतं, पण आलं तर जिवावर बेततं. आणि एक गोष्ट हुकता हुकता राहिली. औषधांच्या यादीत गर्भनिरोधक गोळी नव्हती, कारण तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. इस्ट्रोजेनवाल्या गोळीने लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर येते, गोळी सोडली की पुन्हा चढते. असिस्टंटने पर्समधल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगितल्या तेव्हा ते पाकीट निघालं. आधी तांबी बसवली, मग लॅमोट्रिजिन.

पाचव्या आठवड्यात पुरळ आलंच. ती त्याच दिवशी दाखवायला आली. मनगटापासून कोपरापर्यंत, हातमोज्याच्या कडेपाशी सरळ रेघेत थांबलेलं. तोंडात काही नाही, डोळे स्वच्छ, ताप नाही. फळांच्या धुण्यातलं नवं रसायन निघालं, शेडमधल्या आणखी चौघींना तेच झालं होतं. गोळी चालू ठेवली, तरी आठवडाभर रोज फोटो मागवले.

सप्टेंबरमध्ये मावशी वारली म्हणून ती कॅलिफोर्नियाला गेली. अकरा दिवस गोळ्या घरीच राहिल्या. परत येऊन तिने २०० ची गोळी हातात घेतली आणि घेण्याआधी असिस्टंटला फोन केला. इतके दिवस खंड पडला की लॅमोट्रिजिन पुन्हा २५ पासून सुरू करावं लागतं. २०० एकदम घेतली असती तर ज्याची भीती तेच. नोव्हेंबर उजाडेपर्यंत पुन्हा शिडी चढलो.

मधल्या काळात माझी एक वर्गमैत्रीण, जी आता महाराष्ट्रात एका उपकेंद्रावर सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) आहे, तिला मी हे प्रकरण सांगितलं. तिच्याकडे आशाताई सीबॅक हा आजारांच्या चाचपणीचा फॉर्म भरून आणतात, त्यात पीएचक्यूचे पहिले दोन प्रश्न असतात. औषध ती स्वतः सुरू करत नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवते, नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन जोडून देते. म्हणाली, आमच्या आशाताईला कुणाच्या घरात कधीपासून दिवा जळतो ते आधी कळतं, स्कोअर नंतर. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, पण तिथल्याच माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंताविकारावर काम झालं. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्या केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं होतं. माझ्या क्लिनिकमध्ये हे निदान तामाले घेऊन आत आलेल्या बाईला ‘किती वाजता उठलीस गं’ एवढं विचारणाऱ्या मुलीने केलं. आम्ही त्यानंतर कामाची पद्धत थोडी बदलली. वजन-बीपी घेतानाच ती झोपेचे तास विचारून चार्टवर सर्वांत वर लिहिते. फोनवरच्या दुभाष्याला मी सुरुवातीलाच सांगते की अर्थ सांगू नका, शब्द सांगा, आणि भावनेचा शब्द आला तर तो मूळ भाषेतच उच्चारा. नैराश्याची गोळी सुरू केलेल्या प्रत्येकाला दहाव्या दिवशी फोन जातो. त्या फोनवर ‘बरं वाटतंय का’ हा प्रश्न आम्ही काढून टाकला आहे.

या फेब्रुवारीत ती आली तेव्हा पीएचक्यू ५ होता. वाढलेल्या पाच किलोंतले दोन उतरले आहेत, एचबीए१सी ५.६. एक शिलाई मशीन परत गेली, दुसरीवर ती रविवारी शेजारणींचे पडदे शिवते. झोपेची वही आणली होती, बहुतेक रात्री सात-साडेसात तास. पॅकिंग शेडला मी पत्र दिलं आहे, आजाराचं नाव न घेता : वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी नको, झोपेची वेळ रोज सारखी राहायला हवी. मुकादमाने मान्य केलं.

प्रश्न जूनचा आहे. चेरी कोवळ्या उन्हाच्या आतच उतरवावी लागते, दुपारच्या तापात फळ मऊ पडतं, त्यामुळे टोळ्या उजाडायच्या आधीच बागेत पोचतात. म्हणजे घरातून निघायचं तीन वाजता, उठायचं त्याच्याही आधी. मागच्या वर्षी ती गेली नव्हती. यंदा जायचं म्हणते, चार आठवड्यांत होणारी कमाई तिला पॅकिंगच्या पट्ट्यावर मिळत नाही, आणि मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यामुळे, ज्याचं नाव या राज्यात ॲपल हेल्थ आहे, औषधं फुकट असली तरी घरभाडं फुकट नाही. संध्याकाळी सातलाच क्वेटियापिन घेऊन झोपायचं, खिडक्यांना काळे पडदे, दोन आठवडे आधीपासून झोपायची वेळ रोज वीस मिनिटं अलीकडे आणायची, असा आराखडा मी कागदावर मांडला आहे. इथे जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो आणि मुलांच्या शाळेला सुट्टी असते. बहीण म्हणते, जाऊच नको. नवरा काही बोलत नाही. पडदे तिने शिवायला घेतलेत.